सत्तावीस नंबरची कातडी

मावशीचे हात सुंठेसारखे आहेत. एकवीस वर्षं फॉर्मालिन, अल्कोहोल आणि झायलीन यांत बुडून बुडून त्यांतला ओलावा निघून गेला तो गेलाच. पेरांवर भेगा, नखं पिवळी, आणि तळव्यावर रेषा इतक्या की ज्योतिष्यानं हात टेकावेत. दुपारी आम्ही दोघी एकत्र डबा खातो. जेवण झालं की ती मी आणलेल्या डबीतलं मलम हातांना चोळत बसते आणि म्हणते, "बेडकाला देवानं अंगभर बुळबुळीच्या कुप्या दिल्यात. मला चार-दोन दिल्या असत्या तर त्याचं काय जाणार होतं?"

मी कॉलेजच्या ऑफिसात टंकलेखिका. ती प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. परिचर हा कागदावरचा शब्द झाला, तोंडानं सगळे शिपाईच म्हणतात. मुलं मात्र तिला मायक्रॉनमावशी म्हणतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कातडीचा काप किती पातळ हवा ते ती मायक्रॉनमध्ये सांगते, आणि तेवढाच काढते. तिची सासू होती तेव्हा म्हणायची, "अगं, काकडी तरी जरा जाड चिर. ताटात दिसू दे."

सासूला हे काम कधीच पटलं नाही. "सून आणली आणि तिच्या मागून बेडूक आले," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. संध्याकाळी आंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ फिरकायची मावशीला बंदी. मावशी बंदी पाळायची, पण दारातूनच सांगायची, "आई, मी ज्या बेडकाला हात लावते ना, तो तुमच्या-माझ्यापेक्षा स्वच्छ. दर काही दिवसांनी अंगावरची जुनी कातडी उतरवतो आणि वाया जाऊ नये म्हणून खाऊनही टाकतो." मग सासूचं रात्रीचं जेवण व्हायचं नाही आणि मावशीच्या नवऱ्याला हसू आवरायचं नाही. तो किल्ल्या बनवतो. काप काढायच्या यंत्राचं लांबलचक पातं तोच धार लावून देतो, आणि त्या दिवशी दुकानात दुसऱ्या कशाला हात लावत नाही.

ती कॉलेजात आली ती झाडू घेऊन. सातवी झालेली. तेव्हाचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही अजून जुने सर म्हणतो, ते स्वतः काप काढायचे. एक दिवस यंत्रातून मेणाची फीत निघत होती, तुटत होती, सर वैतागले होते. ही कोपऱ्यात केर भरत होती. ती म्हणाली, "सर, पंखा बंद करा की. वाऱ्यानं उडतंय ते." सरांनी पंखा बंद केला. फीत सरळ निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शक दाखवला. "काय दिसतं?" म्हणाले. ती म्हणाली, "झाडं." ती तिच्याच पापण्यांची सावली होती. सर हसले नाहीत. "सगळ्यांना आधी स्वतःच्या पापण्याच दिसतात," म्हणाले, "डोळा जरा मागे घे."

त्यांनी तिला सगळं शिकवलं. कातडीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवायचा, मग पातळ अल्कोहोल, मग जास्त, मग अजून जास्त, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. मेण थंड झालं की साबणाच्या वडीएवढा ठोकळा होतो आणि त्याच्या पोटात तो तुकडा. मग काप. जुन्या सरांचा एक नियम होता: तुकड्याबरोबर पहिल्या बाटलीपासून कागदाची एक चिठ्ठी टाकायची, शिसपेन्सिलीनं लिहिलेली. प्राणी कुठला, अंगाचा भाग कुठला, तारीख, सही. ती चिठ्ठी तुकड्यासोबत सगळ्या बाटल्या फिरते आणि शेवटी त्याच्यासोबतच मेणात गाडली जाते. "शाई दारूत विरघळते, शिसं विरघळत नाही," सर म्हणायचे. मावशी पुढे जोडायची, "माणसाचंही तसंच असतं, पण ते सरांपुढे कशाला बोला."

आणि तयार झालेल्या काचपट्टीच्या कोपऱ्यात हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीनं ठोकळ्याचा नंबर कोरायचा. लेबल वरून चिकटतं, निघतं, बदलतं. कोरलेलं राहतं.

काम सुरू करायच्या आधी ती बेडकाच्या बरणीला हात लावून तो हात कपाळाला लावायची. मी देवाधर्माची बाई आहे, सकाळी दिवा लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, पण मलाही ते नवल वाटलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "जीव गेलाय त्याचा. निदान काप तरी नीट यायला हवा."

एकदा डबा खाऊन झाल्यावर तिनं मला बेडकाच्या कातडीचा एक काप दाखवला. मला आधी पापण्याच दिसल्या, हे सांगायला नको. मग हळूहळू दिसलं. वर जांभळी किनार, साडीच्या काठासारखी. खाली फिकट गुलाबी, विरळ विणीचा पट्टा, आणि त्यात गोल गोल पिशव्या, प्रत्येकीची मान वर काठातून बाहेर आलेली.

"वरच्या काठाचा अगदी वरचा पापुद्रा बघ," ती म्हणाली. "एका पेशीचा. त्यातून त्याचा श्वास आत-बाहेर होतो. पाणीसुद्धा तो कातडीनंच पितो, तोंडानं नाही. म्हणून अंग सतत ओलं लागतं. त्या लहान पिशव्या, आत रिकाम्या दिसतात त्या, बुळबुळीच्या. श्लेष्मल ग्रंथी. खूप असतात. आणि ती मोठी, आत दाणेदार गुलाबी भरलेली, ती विषाची. बेडकात एखाद-दुसरी."

"एवढ्याशा बेडकाला विष?"

"मग काय करेल बिचारा? दात असून नसल्यासारखे, नखं नाहीत, खवले नाहीत. जे काय संरक्षण ते कातडीत."

पिशव्यांच्या खाली एक घट्ट विणीचा थर होता, खादीच्या ठाणासारखा. त्यावर हात फिरवावासा वाटला. मी खरंच काचेकडे बोट नेलं तर तिनं माझं मनगट धरलं. "बघायचं. हात नाही लावायचा. एकवीस वर्षांत माझ्या हातून एक काच फुटलेली नाही."

हे वाक्य तिच्या तोंडी नेहमी असायचं. कॉलेजात कुणाचा कप फुटला तरी लोक म्हणायचे, मावशीला दाखवू नका. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता बेडूक कापायला बंदी झाली. चांगलंच झालं, मावशीलाही तेच वाटतं. पण त्यामुळे कपाटात ज्या काचा आणि जे मेणाचे ठोकळे आहेत, तेवढेच आता आहेत. नवे ठोकळे होणार नाहीत. जुने सर निवृत्त झाले, मध्ये दोन प्रमुख आले-गेले, आणि दीड वर्षापूर्वी नवे साहेब आले. माणूस वाईट नाही, हे मी देवाला स्मरून सांगते. टापटिपीचा. पण टापटीप म्हणजे सगळं वरून सारखं दिसणं, अशी त्यांची समजूत. सासूच्या शेवटच्या आजारपणात मावशी आठ दिवस रजेवर होती, तेवढ्यात त्यांनी सगळ्या काचांची पिवळी पडलेली, अक्षरं उडालेली लेबलं काढून नवी छापील लावली. रजिस्टर समोर ठेवायचं, कप्प्यातला नंबर बघायचा, लेबल चिकटवायचं. दोन दिवसांत काम संपलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावा लागला नाही.

परीक्षेच्या दिवशी मी प्रयोगशाळेत होते ती गुणांच्या लिफाफ्यासाठी. प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत लिफाफ्यात बंद करून, लाख लावून विद्यापीठाच्या माणसाच्या हाती द्यायचे असतात. लाख, मेणबत्ती आणि शिक्का घेऊन मी दारापाशी स्टुलावर बसले होते. साडेतीन झाले होते. परीक्षा उरकली होती, मुलं बाहेर. बाहेरगावाहून आलेले परीक्षक उत्तरं तपासत होते, साहेब शेजारी, आणि मावशी मागे नळावर काचसामान धूत होती.

परीक्षेत एक प्रश्न ओळखण्याचा असतो. आठ टेबलांवर आठ सूक्ष्मदर्शक, प्रत्येकाखाली एक काच, लेबलावर कागदाची पट्टी डकवलेली. मुलांनी बघायचं आणि लिहायचं, हे काय आहे आणि कशावरून. पास व्हायला आठांपैकी पाच बरोबर हवीत. त्या एका प्रश्नात नापास म्हणजे वर्ष गेलं.

परीक्षक एक उत्तर वाचून हसले. "ही बघा गंमत. सात नंबरला सगळ्यांनी बेडकाची त्वचा लिहिलंय, या बाईसाहेब म्हणतात भेक. कारण काय? 'वरचा शिंगी थर जाड, विषग्रंथी मोठ्या आणि दाटीने, श्लेष्मल ग्रंथी कमी.' कल्पनाशक्ती चांगली आहे." त्यांनी लाल पेननं काट मारली. "चार बरोबर. गेली."

भेक म्हणजे बेडकाचाच भाऊबंद, पण खरखरीत अंगाचा, चामखिळींनी भरलेला, कोरड्यात राहणारा. आणि ही बाईसाहेब म्हणजे कंडक्टरची मुलगी. बाप पहिल्या बसला असतो, म्हणून तीही त्याच बसनं यायची आणि कॉलेज उघडायच्या आधी पायरीवर बसलेली असायची. मावशी तिला आत घ्यायची. सकाळचा तो तासभर दोघी सूक्ष्मदर्शकापाशी असायच्या.

मागे नळ बंद झाला.

"साहेब," मावशी हात पुसत पुढे आली. "सात नंबरला भेकच आहे."

साहेबांनी वर पाहिलं नाही. "मावशी, जरा चहा सांगा."

"सांगते. पण भेक आहे."

"या कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"आमच्या परिचर. जुन्या आहेत. जरा बोलतात."

"जरा नाही, पुष्कळ बोलते," मावशी म्हणाली. "पण ही काच मी कापलीय, म्हणून बोलते. सकाळी भिंग लावताना मला ओळखू आली. मला वाटलं, साहेबांनी मुद्दाम अवघड प्रश्न काढला. तुमच्या उत्तरांच्या यादीत बेडूक लिहिलंय हे मला आत्ता कळलं."

परीक्षक दमलेले होते, पण उठले. चष्मा कपाळावर चढवून सात नंबरच्या टेबलावर वाकले. बराच वेळ स्क्रू फिरवत राहिले. "पाठीची कातडी असावी," ते म्हणाले. "पाठीवर विषग्रंथी जास्त असतात बेडकालाही. रंगपेशीही आहेत. सांगता येत नाही नक्की."

"जास्त म्हणजे किती? मोजा की. भिंगाच्या एका गोलात सहा मोठ्या आहेत, लहान दोनच. आणि वरचा थर बघा. एवढं जाड घोंगडं पांघरून बेडूक श्वास कुठून घेईल?"

"मावशी," साहेब आता उभे राहिले. आवाज चढला नव्हता, पण माझ्या हातातली लाख घट्ट धरली गेली. "ही मुलगी रोज सकाळी तुमच्याकडे असते. सगळ्या कॉलेजला माहीत आहे. तुमची लाडकी आहे म्हणून परीक्षेत बोलायचं नसतं."

"लाडकी आहे. मग? लाडकी असली म्हणून भेकाचा बेडूक होतो का?"

परीक्षक खाली बघून हसले. साहेबांना ते लागलं. त्यांनी कपाटातून रजिस्टर आणलं, उघडलं, बोट ठेवलं. "कप्पा दोन, नंबर चौदा. बेडूक, त्वचा, आडवा छेद. ही काच चौदा नंबरच्या खाचेतून काढलेली आहे, मी स्वतः. आणि हे रजिस्टर तपासल्याची दर वर्षीची सही कुणाची आहे? वाचा."

मावशीनं वाचलं नाही. ती सही तिची होती हे खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं.

मी तिला इतकी वर्षं ओळखते. तिला गप्प बसलेलं मी दोनदाच पाहिलं, एकदा सासू गेली तेव्हा आणि एकदा तेव्हा. ती ओट्याला टेकून उभी राहिली. सुंठेसारखे हात पदरात गुंडाळले. बाहेर पायरीवर ती मुलगी बसली होती, तिची पाठ आणि वेणी खिडकीतून दिसत होती. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. मावशी एकदा मला म्हणाली होती, "तू म्हणतेस देव सगळं बघतो. बघतो ना, पण साक्षीला येत नाही. साक्षीला माणसालाच उभं राहावं लागतं."

"चौदा नंबर फुटली," ती म्हणाली.

"काय?"

"चौदा नंबर माझ्या हातून फुटली. चार वर्षं झाली. काचेवर राहिलेलं भिंगाचं तेल झायलीननं पुसत होते, सुटली, मोरीत पडली. सत्तावीस नंबरच्या ठोकळ्याची, रजिस्टरात न चढवलेली एक जादा काच होती. ती चौदाच्या खाचेत ठेवली. पडलेल्या दातासारखी ती जागा दिसत होती, बघवेना. रजिस्टरात लिहायचं राहिलं." तिनं पदरातले हात बाहेर काढले. "राहिलं नाही. लिहिलं नाही. माझ्या हातून काच फुटत नाही असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते, म्हणून लिहिलं नाही."

माझ्यानं तिच्याकडे बघवेना. तिच्याकडे दागिना म्हणावा असा एकच होता, तो तिनं स्वतःच्या हातानं काढून टेबलावर ठेवला.

साहेब शांतपणे म्हणाले, "म्हणजे चार वर्षं तुम्ही खोट्यावर सही केलीत. आणि आता त्याच तोंडानं मला सांगता की माझं लेबल चुकलं."

"हो. त्याच तोंडानं. दुसरं कुठून आणू?"

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. चार वाजून दहा. "बाई, तुमचं म्हणणं खरं असेलही. पण मला कागद लागतो. रजिस्टर बेडूक म्हणतं, लेबल बेडूक म्हणतं."

"लेबलाखाली बघा."

"लेबलाला हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "परीक्षेची काच आहे."

मावशी सात नंबरच्या टेबलाशी गेली. काच काढली, वरची पट्टी सोलून ओला कापूस लेबलावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबून धरला. साहेब म्हणाले, "मी काय सांगतोय?" ती म्हणाली, "ऐकू येतंय." आणि अंगठा काढला नाही. दोनेक मिनिटांनी नवं छापील लेबल सुरकुतलं आणि सालीसारखं निघून आलं. तिनं काच खिडकीच्या उजेडाकडे तिरकी धरली. कोपऱ्यात बारीक ओरखड्यांनी लिहिलेलं होतं: २७.

"सत्तावीस म्हणजे भेक हे कशावरून?" साहेबांनी विचारलं. "तुमच्या ठोकळ्यांच्या वहीवरून? वही तुम्हीच लिहिता. आणि तुम्ही काय काय लिहीत नाही ते आत्ताच कळलं."

हा टोला बरोबर बसला, आणि रास्तही होता. मावशी मान हलवून हो म्हणाली. मग तिनं खालचं कपाट उघडलं, पत्र्याचा डबा काढला. आत मेणाचे ठोकळे, प्रत्येकावर नंबर. सत्तावीसचा तिनं टेबलावर ठेवला. पिवळसर मेणात एक करडा तुकडा आणि त्याच्या खाली, अर्धवट दिसणारी, घडी घातलेली चिठ्ठी.

"चिठ्ठी काढायला ठोकळा फोडावा लागेल," ती परीक्षकांना म्हणाली. "भेकाच्या पाठीचा हा एवढाच आहे. पुन्हा मिळणार नाही. सांगून ठेवते."

"मग राहू द्या," परीक्षक म्हणाले.

"बाहेर पोरीचं वर्ष आहे."

तिनं पात्याचं टोक मेणात घातलं. ठोकळा दोन ठिकाणी तडकला. तडकण्याचा आवाज झाला तेव्हा तिचे डोळे मिटले, पण हात थांबला नाही. मेणाचे चुरे टेबलावर पडत गेले. तुकडा तिनं चिमट्यानं अलगद बाजूला ठेवला, चिठ्ठी सोडवली, आणि ती परीक्षकांपुढे सरकवली. "तुम्हीच उघडा. पुन्हा मी उघडली म्हणायला नको."

मेणानं कडक झालेली ती चिठ्ठी परीक्षकांनी नखानं उलगडली. भिंग घेतलं. शिसपेन्सिलीतली अक्षरं कालच लिहिल्यासारखी होती. भेक. पाठ, मानेखालची. सोळा वर्षांपूर्वीची एक तारीख. खाली जुन्या सरांची सही.

"शिसं," मावशी म्हणाली. "दारूत विरघळत नाही."

परीक्षकांनी चिठ्ठी साहेबांकडे दिली. साहेबांनी ती वाचली, पुन्हा वाचली. मग म्हणाले, "ठीक. सात नंबर भेक. म्हणजे बेडूक लिहिणारी उरलेली सगळी चूक. सव्वीस मुलं. त्यातली किती नापास होतील ते काढू आता?" हे ते मावशीकडे बघून म्हणाले.

"त्यांनी बेडूक लिहिलं कारण वर्षानुवर्षं परीक्षेत बेडूकच असतो," मावशी म्हणाली. "काच बघून लिहिलं नाही कुणी. पण तुम्हीही काच बघून लेबल लावलं नाही साहेब, आणि मीही काच बदलून सांगितलं नाही. आपल्या दोघांचं त्यांच्या माथी कशाला?"

परीक्षक लाल पेन उचलून बसले. "सात नंबरला दोन्ही उत्तरं ग्राह्य," त्यांनी लिहिलं.

"बेडूकही बरोबर आणि भेकही बरोबर?" मावशीला ते अजिबात पटलं नाही. "असं कसं असेल?"

"आजच्या दिवस," परीक्षक म्हणाले. "बाई, मला साडेपाचची गाडी आहे."

त्यांनी कंडक्टरच्या मुलीच्या कागदावरची काट खोडली, चारचे पाच केले, सही केली. चार वाजून पन्नास मिनिटांनी मी लिफाफ्यावर लाख ओतली. शिक्का तिरका उठला. जाताना परीक्षक पायरीवरच्या मुलीजवळ थांबले आणि त्यांनी तिला काहीतरी विचारलं. तिनं हातानं हवेत काठ काढून दाखवला आणि त्याखाली मोठ्या मोठ्या पिशव्या. ते मान हलवत गेले.

मावशीनं त्या संध्याकाळी मेण वितळवून तो तुकडा पुन्हा ठोकळ्यात बसवला, चिठ्ठीसकट. पूर्वीसारखा झाला नाही, कडेला बुडबुडा राहिला. मग ती फूटतूट नोंदवायचं रजिस्टर घेऊन बसली आणि चार वर्षांपूर्वीची नोंद लिहू लागली. मी म्हटलं, "उद्या लिहा." ती म्हणाली, "चार वर्षं उद्याच म्हणत होते."

तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर टाइप करायला एक कागद आला. मावशीला कारणे दाखवा नोटीस. पहिला मुद्दा, फुटलेली काच न नोंदवणे. दुसरा, परवानगीशिवाय परीक्षेच्या काचेचं लेबल काढणे आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर विभागप्रमुखांशी वाद घालणे. मी स्वतःच्या हातानं ती टाइप केली. नोकरी आहे, काय करणार. पण एकेक अक्षर दाताखाली खडा आल्यासारखं वाटलं. टाइप होता होता साहेब माझ्या खिडकीशी आले. "तिला सांगा," ते म्हणाले, आणि खरंच चांगल्या मनानं म्हणाले, "दुसऱ्या मुद्द्याबद्दल दोन ओळी माफीच्या लिहून द्या. मग मी पुढे नेत नाही. नाहीतर प्राचार्य म्हणताहेत, तिला प्रयोगशाळेतून काढून आवक-जावकला बसवा."

आवक-जावक म्हणजे माझ्या शेजारचं टेबल. दिवसभर टपालावर नंबर टाकायचे. जिनं अर्धं आयुष्य पाच मायक्रॉनचे काप काढले तिनं.

दुपारी डबा खाताना मी तिला सांगितलं. ती मलम चोळत होती. "पहिल्या मुद्द्याची माफी मागते," म्हणाली. "ती माझी चूक आहे, लिही. नीट लिही, काटकसर करू नकोस. दुसऱ्याचं मी सांगते तसंच घे."

मी यंत्राशी बसले. तिनं सांगितलं: लेबल मी काढले. ते चुकीचे होते. पुन्हा चुकीचे लागले तर पुन्हा काढीन.

मी थांबले. "मावशी, शेवटी निदान 'क्षमा असावी' एवढं तरी घालते. रीत असते."

"घातलंस तर तो कागद मी फाडीन आणि तुला दुसरा टाइप करावा लागेल."

"आवक-जावकला बसवतील हो."

"बसवू दे. तुझ्याशेजारी बसेन. तुझा मलमाचा खर्च तेवढा वाढेल." मग जरा वेळानं म्हणाली, "कप्प्याच्या किल्ल्या मागतील. देईन. पण धार लावून द्या म्हणून ते पातं माझ्या नवऱ्याकडेच यायचं आहे. आणि काप निघेना झाला की मलाच हाक मारायची आहे. पंखा बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही."

मी कागद यंत्रातून काढून तिच्यापुढे ठेवला आणि माझं पेन दिलं. तिनं ते बाजूला सारलं आणि कानावर खोचलेली शिसपेन्सिल काढली.

"पेन्सिलीनं सही चालत नाही मावशी. ऑफिसचा नियम आहे."

"ऑफिसचा असेल," ती म्हणाली, आणि एकेक अक्षर दाबून सही केली.

मी कागद घेतला, आवक रजिस्टर उघडलं, त्यावर नंबर टाकला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.